धुरंधर, महादेव विश्वनाथ

(१८ मार्च १८६७–१ जून १९४४). अकादमिक वास्तववादी पद्धतीने ऐतिहासिक, पौराणिक व सामाजिक विषयांवर विपुल निर्मिती करणारे ख्यातनाम मराठी चित्रकार, पुस्तकचित्रकार व कलाशिक्षक. पावनखिंडीचा प्रसंग, आग्र्याचा दरबार, रायगडावरील राज्याभिषेक यांसारख्या मराठ्यांच्या इतिहासातील घटनांना त्यांनी दिलेले चित्ररूप महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या मनात ठसले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सैनिकी व ऐतिहासिक प्रसंगांचे चित्रण करणाऱ्या अकादमिक चित्रकारांची एक प्रबळ परंपरा होती. तिच्याशी तुलना करता येईल असे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे धुरंधर होत. ही तुलना त्यांच्या कार्याचे सामर्थ्य व मर्यादा या दोन्हींवर प्रकाश टाकते.

जीवन व शिक्षण : धुरंधर यांचा जन्म कोल्हापूर येथे पाठारे प्रभू कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये झाले. चित्रकलेची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती. कोल्हापूरचेच ज्येष्ठ चित्रकार आबालाल रहिमान यांची रेखाटने पाहून ती अधिक दृढ झाली. कलाशिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि जानेवारी १८९० मध्ये सर जमशेटजी जीजीभाई स्कूल ऑफ आर्ट या संस्थेत दाखल झाले. जॉन ग्रिफिथ्स हे त्या वेळी संस्थेचे प्राचार्य होते. अल्पावधीतच धुरंधर हे संस्थेतील अग्रगण्य विद्यार्थी म्हणून ओळखले जाऊ लागले. बाँबे आर्ट सोसायटी ही संस्था १८८८ मध्ये स्थापन झाली होती. तिच्या वार्षिक प्रदर्शनात १८९५ मध्ये त्यांच्या ‘आलीस का, लक्ष्मी ?’ अशा आशयाच्या शीर्षकाच्या चित्रास सुवर्णपदक मिळाले. हा सन्मान मिळविणारे ते पहिले भारतीय चित्रकार होत. पदकप्राप्त चित्राचा विषय घरगुती जीवनातील होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे; कारण रोजच्या व्यवहारातील माणसांचे निरीक्षण हाच पुढे त्यांच्या ऐतिहासिक चित्रांचाही पाया ठरला.

१८९६ मध्ये त्यांची याच संस्थेत शिक्षक म्हणून नियुक्ती झाली. क्रमाक्रमाने वरच्या पदांवर जात १९३० मध्ये काही काळ त्यांनी संस्थेच्या संचालकपदाचा कार्यभार सांभाळला. हे पद तोवर केवळ ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच असे. ते सांभाळणारे पहिले भारतीय धुरंधर होत. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक या दोन्ही नात्यांनी त्यांचा या संस्थेशी एकेचाळीस वर्षे संबंध होता. या दीर्घ काळाच्या आठवणी त्यांनी कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे (१९४०) या मराठी ग्रंथात नोंदविल्या आहेत. सरकारने त्यांना ‘रावबहादुर’ हा किताब दिला. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यांनीही जे. जे. मधून कलाशिक्षण पूर्ण केले. चित्रकार म्हणून त्यांनी नाव मिळविले आणि वडिलांच्या चित्रांचा संग्रहही निष्ठेने जपला. धुरंधर यांचे मुंबई येथे निधन झाले.

जे. जे. मधील शिक्षणपद्धती : धुरंधर यांची कला समजून घेण्यासाठी ते ज्या शिस्तीत घडले ती समजून घेणे आवश्यक आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या कलाशाळेचा अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीवर बेतलेला होता. प्रथम भूमितीय आकार व अलंकरणाचे नमुने, त्यानंतर ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती आणि अखेरीस वस्त्रधारी जिवंत प्रतिमान, अशा क्रमाने विद्यार्थ्यास रेखाटनाचा सराव करावा लागे. यथादर्शन, छायाप्रकाश व शरीररचना यांचे ज्ञान ही कोणत्याही चित्राची पूर्वअट मानली जाई. नग्न प्रतिमानावरून अभ्यास करण्याचा वर्ग मात्र बराच उशिरा, १९१९ मध्ये, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत सुरू झाला.

या अभ्यासक्रमाला आरंभापासून आणखी एक अंग होते. ते म्हणजे जुन्या वास्तूंची व चित्रांची प्रत्यक्ष स्थळी जाऊन बारकाईने नोंद करणे. १८६८ मध्ये सरकारी आदेशानुसार संस्थेतील शिक्षक टेरी यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांची एक तुकडी ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे गेली. आजच्या उल्हासनगर व बदलापूर या शहरांच्या दरम्यान असलेल्या या गावातील शिलाहारकालीन शिवमंदिराची (शके ९८२, इ. स. १०६०) मोजमापे, रेखाचित्रे व शिल्पांचे साचे त्या वेळी तयार करण्यात आले. त्यानंतर १८७२ पासून ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे प्रदीर्घ कार्य केले. जे डोळ्यांसमोर आहे ते आधी अचूक नोंदवावे व मगच कल्पनेला वाव द्यावा, हा संस्कार अशा उपक्रमांतून संस्थेत रुजला. धुरंधर दाखल झाले तेव्हा ही दोन्ही कामे होऊन गेली होती. तथापि ज्या शिक्षकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले त्यानेच अजिंठ्याचे काम चालविले होते.

अकादमिक इतिहासचित्र व फ्रेंच परंपरा : यूरोपीय कला-अकादमींनी चित्रविषयांची एक उतरंड ठरविली होती. तीत इतिहास, धर्म व पुराण यांतील प्रसंगांच्या चित्रणास सर्वोच्च स्थान होते. व्यक्तिचित्र, दैनंदिन जीवन, निसर्ग व स्थिरवस्तू यांचा क्रम त्यानंतर लागे. नेपोलियनच्या युद्धांनंतर फ्रान्समध्ये इतिहासचित्रातच युद्धचित्र हा एक स्वतंत्र व लोकप्रिय प्रकार बनला. लूई फिलिप या राजाने व्हर्सायच्या राजवाड्यात १८३७ मध्ये युद्धचित्रांचे एक भव्य दालन उघडले. ऑरास व्हेर्ने (१७८९–१८६३) या चित्रकाराने त्यासाठी येना, फ्रीटलांट, व्हाग्राम इ. लढायांची विशाल चित्रे रंगविली. एर्नेस्त मेसॉन्ये (१८१५–९१) याने याउलट लहान आकाराच्या फलकावर कमालीच्या बारकाईने नेपोलियनच्या मोहिमा चित्रित केल्या. १८१४ : फ्रान्समधील मोहीम (१८६४) या त्याच्या प्रख्यात चित्राची उंची जेमतेम अर्धा मीटर आहे. धावत्या घोड्याच्या पायांची हालचाल अभ्यासता यावी म्हणून त्याने आपल्या जागेत रूळ टाकून त्यांवरून चालणाऱ्या गाडीत बसून घोड्याबरोबर जाण्याची सोय केली होती. त्याचा शिष्य एद्वार देताय (१८४८–१९१२) हा १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात स्वतः सैनिक होता. गणवेश व शस्त्रास्त्रे यांचा त्याने मोठा संग्रह केला होता आणि पॅरिसच्या सैनिकी संग्रहालयाच्या उभारणीत त्याचा महत्त्वाचा वाटा होता. पराभवानंतरच्या फ्रान्सला धीर देणारे स्वप्न (१८८८) हे त्याचे चित्र विशेष गाजले. युद्धसरावाच्या काळात उघड्या मैदानावर झोपी गेलेल्या तरुण सैनिकांच्या माथ्यावर, आकाशात, पूर्वजांच्या विजयी सेना चालल्या आहेत, असे दृश्य त्यात आहे.

या चित्रकारांची कार्यपद्धती सर्वसाधारणपणे एकसारखी असे. प्रथम प्रसंगाविषयीचे लेखी पुरावे वाचावयाचे, त्या काळातील कपडे, शस्त्रे व खोगीर जमवावयाचे, ती प्रतिमानाच्या अंगावर चढवून प्रत्येक आकृतीचा स्वतंत्र अभ्यास करावयाचा, आणि नंतर हे सर्व अभ्यास एका रचनेत गुंफावयाचे. असे चित्र पाहणाऱ्याला आपण घटनेचे साक्षी आहोत असे वाटते; वस्तुतः ते चित्रशाळेत, अनेक दिवसांच्या श्रमाने, तुकड्यातुकड्यांनी जुळविलेले असते. पुराव्यावर आधारलेली प्रतिकृती आणि कल्पनेने उभे केलेले नाट्य यांचा हा संयोग म्हणजेच अकादमिक इतिहासचित्र होय. मुंबईच्या कलाशाळेत ब्रिटिश मार्गाने आलेली शिस्त याच सर्वसाधारण यूरोपीय परंपरेची एक शाखा होती.

मराठी परिस्थिती : फ्रेंच युद्धचित्रकार आणि धुरंधर यांच्या परिस्थितीत मात्र मूलभूत अंतर होते. देतायसमोर त्याच्या देशाची उभी सेना होती. तिचे गणवेश, कवायती व तळ तो रोज पाहू शकत होता. त्याचे चित्र विकत घेणारे शासनही त्याचे स्वतःचेच होते. धुरंधर ज्या सेनेचे चित्रण करीत होते ती १८१८ मध्येच मोडली होती. शासन परकीय होते आणि धुरंधर स्वतः त्या शासनाच्या संस्थेतील नोकर होते. ज्या १८९६ या वर्षी ते सरकारी शिक्षक झाले, त्याच वर्षी लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवजयंतीचा उत्सव साजरा झाला. शिवाजी महाराजांचे चित्र ही त्या काळात केवळ कलेची बाब नव्हती. तिच्यामागे जागृत होत असलेली राजकीय अस्मिता उभी होती. या दोन टोकांच्या मध्ये धुरंधर यांनी आपले इतिहासचित्रण केले. त्यांच्या चित्रांना आश्रय मिळाला तो दोन ठिकाणी : औंधसारख्या संस्थानांच्या अधिपतींकडून, आणि छापील चित्रे विकत घेणाऱ्या सामान्य लोकांकडून. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार व कलासंग्राहक होते. औंध येथे त्यांनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय १९३८ मध्ये खुले झाले. त्यात धुरंधर यांच्या कलाकृतींना महत्त्वाचे स्थान आहे.

पुराव्याचा प्रश्नही असाच बिकट होता. मराठ्यांच्या स्वाऱ्यांची समकालीन मराठी चित्रे जवळजवळ नव्हती. बखरी, ग्रँट डफचा इतिहास (१८२६) व परकीयांचे वृत्तांत हीच मुख्य साधने होती. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १९१० मध्ये पुणे येथे भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. म्हणजे चित्रकार इतिहास रंगवीत होते त्याच काळात इतिहासकार तो कागदपत्रांतून शोधीत होते. शिवाजी महाराजांच्या मुखचर्येबाबतही दीर्घकाळ संभ्रम होता. भलत्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचारात होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या ग्रंथातील चित्र पुढे आणले, तेव्हा या प्रश्नास निश्चित दिशा मिळाली. निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने मीर मुहंमद नावाच्या चित्रकाराकडून काढवून घेतलेले महाराजांचे अश्वारूढ चित्रही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सैनिकांसह चाललेल्या महाराजांचे हे चित्र मराठी सेनेच्या वेशाविषयीचा एक जवळचा पुरावा होय. अशी साधने सहज उपलब्ध नसताना त्या पिढीतील चित्रकारांना संस्थानी दरबारांतील तत्कालीन पोशाख, जुन्या घराण्यांतील शस्त्रे व आपली कल्पनाशक्ती यांवरच बहुतांशी विसंबावे लागले. त्यामुळे सतराव्या शतकातील प्रसंगांत पुढील काळातील पगड्या, अंगरखे व बैठकीची पद्धत यांची सरमिसळ होणे अपरिहार्य होते. ही त्रुटी एकट्या धुरंधर यांची नव्हे, तर त्या काळातील एकूण इतिहासचित्रणाची होय.

ऐतिहासिक चित्रे : धुरंधर यांच्या शिवचरित्रविषयक चित्रांपैकी तीन प्रसंग विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना जुलै १६६० मध्ये घडलेला पावनखिंडीचा. या विषयावरील त्यांच्या चित्रात शिवाजी महाराज व बाजीप्रभू देशपांडे हे दोघेही आहेत. लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत महाराज खिंडीत नव्हते. ते गडाकडे निघून गेले आणि बाजीप्रभू मागे राहिले, हाच त्या घटनेतील करुण व वीर रसाचा गाभा आहे. तेव्हा दोघांना एकत्र आणणारा क्षण निवडणे म्हणजे शस्त्रांच्या खणखणाटापेक्षा त्यामागील निष्ठेला चित्राचे केंद्र बनविणे होय. युद्धाच्या विषयातही मानवी संबंध शोधण्याची धुरंधर यांची वृत्ती येथे दिसून येते.

दुसरा प्रसंग मे १६६६ मधील आग्र्याच्या दरबाराचा. येथे एकही तलवार उपसली जात नाही. तरीही तो संघर्षाचाच प्रसंग आहे. बादशाही वैभवाचा डामडौल, रांगेने उभे असलेले सरदार आणि त्यांत अपमान सहन न करणारा एक पाहुणा, यांतील ताण दाखविण्याचे आव्हान चित्रकारापुढे असते. देहाची ठेवण व नजरेची दिशा यांतूनच भाव व्यक्त करण्याचे जे शिक्षण अकादमिक पद्धतीत मिळते, त्याची कसोटी अशा विषयात लागते.

तिसरा व सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला राज्याभिषेक. या दरबाराच्या त्यांच्या चित्रात शंभराहून अधिक व्यक्ती आहेत. एवढ्या मोठ्या जनसमूहाची रचना करताना दोन धोके संभवतात : एक तर गर्दीत नायक हरवतो, किंवा नायक ठळक करण्याच्या नादात बाकीचे लोक निर्जीव भरताड ठरतात. प्रत्येक आकृतीला स्वतःचे वय, मान व मनःस्थिती देऊनही सर्वांचे लक्ष एका सिंहासनाकडे वळविणे, हे रचनेचे कौशल्य धुरंधर यांनी वर्षानुवर्षांच्या रेखाटनाच्या सरावातून कमावले होते. राज्याभिषेकाच्या बाबतीत चित्रकाराला उपयुक्त असा एक प्रत्यक्षदर्शी वृत्तांतही उपलब्ध आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन या वेळी रायगडावर उपस्थित होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस भाल्यांच्या टोकांवर लावलेली सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या व सोन्याचा तराजू या राजचिन्हांची नोंद त्याने केली आहे. अशा नोंदींमुळे कोणत्याही राज्याभिषेकचित्राची परीक्षा करण्यास एक मापदंड मिळतो.

या तिन्ही विषयांकडे एकत्र पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. व्हेर्ने किंवा देताय यांच्याप्रमाणे तोफा, घोडदळाचे हल्ले व रणधुमाळी हा धुरंधर यांच्या प्रतिभेचा स्वाभाविक प्रांत नव्हता. समारंभ, सभा, लग्न, मिरवणूक व निरोप अशा, माणसे एकमेकांसमोर उभी ठाकण्याच्या प्रसंगांत ती अधिक खुलते. समकालीन चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांनी अफझलखानवधाचा प्रसंग रंगविला आहे. त्यातील झटापटीच्या विषयाशी धुरंधर यांच्या दरबारचित्रांची तुलना केल्यास हा फरक ध्यानात येतो. धुरंधर यांचा इतिहास हा रणांगणाच्या आधीचा किंवा नंतरचा इतिहास आहे.

मुद्रित चित्रे व पुस्तकचित्रण : धुरंधर यांची कीर्ती सर्वदूर पसरण्यास मुद्रणकला मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आलेला शिलामुद्रणाचा छापखाना देवदेवतांची व पौराणिक प्रसंगांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचवीत होता. या छापखान्याने धुरंधर यांच्याही चित्रांचे मुद्रण केले. मूळ तैलचित्र एका संस्थानिकाच्या दालनात राहते; त्याची छापील आवृत्ती मात्र माजघराच्या भिंतीवर, दुकानाच्या गल्ल्यामागे आणि शाळेच्या वर्गात लागते. फ्रान्समध्ये राजाने दालन बांधून जे साधले, ते महाराष्ट्रात छापखान्याने साधले असे म्हणता येईल. याखेरीज मुंबईतील विविध व्यवसायांच्या व जातिजमातींच्या लोकांची त्यांनी काढलेली चित्रे विसाव्या शतकाच्या आरंभी पोस्टकार्डांवर छापली गेली. जाहिराती व दिनदर्शिका यांसाठीही त्यांनी चित्रे केली.

पुस्तकचित्रणात त्यांचा हात विशेष चालला. एस्. एम्. एडवर्ड्झ यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांविषयीच्या पुस्तकासाठी (१९१२), सी. ए. किंकेड यांनी इंग्रजीत आणलेल्या दख्खनच्या व्रतकथांसाठी (१९१४) व ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांविषयीच्या ग्रंथासाठी (१९२०) त्यांनी चित्रे काढली. वस्त्र नेसण्याच्या तऱ्हा, दागिने, डोक्यावरील पगड्या, चालण्याबसण्याच्या लकबी यांचे सूक्ष्म निरीक्षण या चित्रांत आढळते. मुंबईच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या माणसांची त्यांनी केलेली ही नोंद आज समाजेतिहासाचे साधन ठरली आहे. येथे एक विरोधाभास जाणवतो : जो इतिहास त्यांनी पाहिलेला नव्हता तो रंगविताना पुराव्याची उणीव राहिली, पण जे ते रोज सहज पाहत होते, तेच त्यांच्या हातून पुढील काळासाठी भरवशाचा पुरावा होऊन राहिले.

हिंदू विवाहविधी, सण व घरगुती प्रसंग यांवरील त्यांची चित्रेही याच निरीक्षणावर उभी आहेत. नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या इमारतींच्या सजावटीसाठी १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या कलावंतांना काम मिळाले, त्यात धुरंधर यांचाही सहभाग होता.

शैली : धुरंधर यांचे खरे बळ रेषेत होते. तैलरंग व जलरंग ही दोन्ही माध्यमे त्यांनी सफाईने हाताळली. तथापि त्यांच्या चित्रांचा पाया रेखाटनाचाच असे. मोजक्या रेषांत व्यक्तीची ठेवण पकडण्याची हातोटी आणि क्वचित मिस्कील विनोदाची झाक ही त्यांच्या रेखाटनांची वैशिष्ट्ये होत. रंगसंगतीत ते सौम्य असत. पेस्तनजी बमनजी, एम्. एफ्. पिठावाला व ए. एक्स. त्रिंदाद या मुंबईतील समकालीनांचा भर व्यक्तिचित्रणावर होता, तर धुरंधर यांचे लक्ष अनेक व्यक्तींच्या परस्परसंबंधांकडे अधिक असे. रविवर्मा यांच्याशी विषयांच्या बाबतीत त्यांचे साम्य असले, तरी त्यांच्या स्त्री-पुरुषाकृती अधिक मराठी वळणाच्या, परिचित व घरगुती वाटतात. नाट्यमय हावभावांचा अतिरेक, प्रसंगाची रंगमंचासारखी मांडणी आणि वेगवेगळ्या अभ्यासांचे सांधे कधीकधी उघडे पडणे, हे अकादमिक पद्धतीतील दोष त्यांच्याही काही चित्रांत दिसतात.

मूल्यमापन : धुरंधर यांच्या हयातीतच त्यांच्या कलापद्धतीविरुद्ध मतप्रवाह निर्माण झाले. यूरोपीय वास्तववाद हा परका असून भारतीय चित्रकाराने अजिंठा, राजपूत व मोगल शैलींकडे वळावे, असे प्रतिपादन अवनींद्रनाथ टागोर (१८७१–१९५१) व त्यांच्या अनुयायांनी केले. मुंबईतही पुनरुज्जीवनवादी प्रयोग झाले. पुढे १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला आणि नव्या पिढीने आधुनिक यूरोपीय कलेशी नाते जोडले. एका पक्षाला धुरंधर पुरेसे भारतीय वाटले नाहीत, तर दुसऱ्याला पुरेसे आधुनिक वाटले नाहीत. परिणामी त्यांच्या निधनानंतरच्या काही दशकांत कलासमीक्षेने त्यांची फारशी दखल घेतली नाही. हे भाग्य त्यांचे एकट्याचे नव्हते. मेसॉन्येच्या १८१४ या चित्रास १८९० मध्ये ८,५०,००० फ्रँक एवढी विक्रमी किंमत आली होती. दृक्‌प्रत्ययवादाच्या विजयानंतर मात्र त्याचे नाव कलेतिहासात उपेक्षेने घेतले जाऊ लागले. अकादमिक इतिहासचित्रकारांच्या संपूर्ण पिढीला दोन्ही देशांत असे चढउतार पाहावे लागले.

समीक्षकांनी बाजूस सारले तरी लोकांनी धुरंधर यांना कधी सोडले नाही, ही यातील विशेष गोष्ट होय. पाठ्यपुस्तके, दिनदर्शिका व भिंतीवरील छापील चित्रे यांतून त्यांची शिवचित्रे, बहुधा चित्रकाराच्या नावाशिवायच, प्रचारात राहिली. राज्याभिषेकाची कल्पना करताना मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जो दरबार उभा राहतो, त्याच्या घडणीत मुंबईतील एका चित्रशाळेत रेखाटलेल्या दरबाराचा मोठा वाटा आहे. येथेच अशा चित्रांची शक्ती आणि जोखीम दोन्ही आहेत. चित्र एकदा स्मृतीत रुतले की नवीन कागदपत्र सापडले तरी ते सहजासहजी पुसले जात नाही. म्हणून धुरंधर यांची ऐतिहासिक चित्रे सतराव्या शतकाचा पुरावा म्हणून पाहणे योग्य नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी समाजाने आपला भूतकाळ कसा पाहू इच्छिला याचा मात्र ती प्रथम दर्जाचा पुरावा होत.

अलीकडील काळात त्यांच्या कार्याचे पुनर्मूल्यांकन होऊ लागले आहे. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात २०१८ मध्ये त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन भरविण्यात आले. तैलचित्रे, जलरंगचित्रे, रेखाटने व मुद्रित चित्रे एकत्र पाहता आल्याने त्यांच्या निर्मितीचा आवाका व त्यांचे रेखाटनावरील प्रभुत्व नव्याने लक्षात आले. परकीय अमलाखाली, परकीय शिस्तीत शिकून, आपल्या लोकांचा भूतकाळ व वर्तमान आपल्या लोकांना ओळखीचा वाटेल अशा रूपात दाखविणे, हे धुरंधर यांनी केलेले कार्य होय. आधुनिक मराठी चित्रकलेच्या इतिहासात त्यांचे स्थान या कार्यामुळेच निश्चित झाले आहे.